रस्ता, गिटार आणि भिकेचा कायदा

१९ मे २०१० च्या रात्री अमेरिकेच्या व्हाईट हाऊसमध्ये मेक्सिकोचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरॉन यांच्या सन्मानार्थ सरकारी मेजवानी झाली. यजमान होते राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा. त्या रात्री बियॉन्से ही जगप्रसिद्ध गायिका गायली, त्याची बातमी जगभर झाली. पण त्याच कार्यक्रमात आणखी दोन कलावंतांनी आपली कला सादर केली. रॉड्रिगो सांचेझ आणि गॅब्रिएला क्विंतेरो. दोघेही मेक्सिको सिटीचे. सोबत गायक नाही, ढोलवाला नाही, वाद्यवृंद नाही. फक्त दोन गिटारी. या दोघांनी संगीताची परीक्षा कोठे दिली असे कोणी विचारले तर उत्तर आहे, आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील ग्राफ्टन स्ट्रीट नावाचा बाजाररस्ता! त्या रस्त्याच्या कडेला उभे राहून, गिटारची पेटी समोर उघडी ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्याने टाकलेल्या नाण्यांवर या दोघांनी दिवस काढले.

याला तिकडे बस्किंग म्हणतात. आपल्या मराठीत या कामासाठी सन्मानाचा शब्दच नाही. रस्त्यावर गाऊन-वाजवून चार पैसे घेणाऱ्यासाठी आपल्याकडे जे शब्द आहेत ते एक तर जातीचे आहेत, नाही तर भिकेचे. डोंबारी, नंदीवाले, पोतराज, वासुदेव, पिंगळा ही नावे घेतली की डोळ्यांसमोर कला येत नाही, पसरलेला हात येतो. हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. हा कायद्याचा प्रश्न आहे आणि त्याच्याही आधी जातीचा प्रश्न आहे. म्हणून परक्या मुलखातील या दोन वादकांची हकीकत आंबेडकरी वाचकांपुढे ठेवतो आहे.

तरुणपणी हे दोघे मेक्सिको सिटीत 'तिएरा आसिदा' नावाच्या बँडमध्ये वाजवत. संगीत कर्कश, विजेच्या गिटारींचे, ज्याला थ्रॅश मेटल म्हणतात ते. अशा संगीताला तेथे ना मोठी बाजारपेठ, ना कंपन्यांचा पाठिंबा. तेथील संगीताच्या सरकारी विद्यालयानेही त्यांना प्रवेश दिला नाही. प्रस्थापित संस्थांचे दरवाजे बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. हे दोघे मेक्सिकोतील सर्वांत खालच्या थरातून आले, असा दावा मी करणार नाही. तेथील मूलनिवासी समाजाच्या वाट्याला जे आले ते यांच्या वाट्याला आले नाही. त्यांची अडचण होती ती कोंडीची. आपल्या शहरात पुढे वाट दिसत नव्हती. बँड संपला, दोघांनी साध्या, नायलॉनच्या तारांच्या गिटारी घेतल्या, हॉटेलात पर्यटकांसमोर वाजवून थोडे पैसे जमवले आणि १९९९ साली युरोप गाठला. डब्लिनला उतरले तेव्हा इंग्रजी जेमतेम. ओळखीचे कोणी नाही. शिफारसपत्र नाही. उरला रस्ता.

रस्ता ही काय चीज आहे हे ज्याने रस्त्यावर कला दाखवली नाही त्याला कळणार नाही. सभागृहातला श्रोता तिकीट काढून येतो, तो दोन तास जागचा हलत नाही. रस्त्यावरचा माणूस कामाला निघालेला असतो. त्याच्या कानावर तुमचे वादन पडते ते जेमतेम दहा-पंधरा पावले. तेवढ्या अंतरात त्याचा पाय थबकला पाहिजे. तेथे समीक्षक नाही, परीक्षक नाही, कोणाच्या घराण्याचा शिष्य आहेस हे विचारणारा कोणी नाही. त्याच रस्त्यावर पन्नास पावलांवर दुसरा कोणी उभा असतो, त्याच्याही पुढे तिसरा. गाडीचा आवाज, दुकानातले गाणे, पाऊस, आणि डब्लिनचा पाऊस तर प्रसिद्धच, या सगळ्यांवर मात करून ऐकू गेले पाहिजे.

या गरजेतूनच गॅब्रिएलाचे वादन घडत गेले असावे असे मला वाटते. तिची गिटार नुसती तारांची नाही, ती चामड्याविना वाजणारे तालवाद्य आहे. उजव्या हाताने ती तारा छेडते आणि त्याच हाताच्या तळव्याने, बोटांनी, अंगठ्याने गिटारच्या लाकडी अंगावर थापा मारते. एकाच वेळी ताल आणि सूर. रॉड्रिगो त्यावर सुरावट धरतो. ऐकणाऱ्याला वाटते चार-पाच जण वाजवत आहेत. आपल्याकडचा हलगीवाला एका हातात हलगी धरून असा काही कडकडाट करतो की सबंध मिरवणूक त्याच्या मागे ओढली जाते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना गॅब्रिएलाचा हात परका वाटणार नाही. साधन कमी असले की हात शहाणा होतो. फरक पुढे आहे. तिच्या हाताला जगाने मैफल दिली. आमच्या हलगीवाल्याच्या हातावर आम्ही काय ठेवले?

पण आधी त्यांची पुढची वाट पाहू. डब्लिनमध्येच डेमियन राईस या आयरिश गायकाशी त्यांची गाठ पडली. तो स्वतः युरोपभर रस्त्यांवर गाऊन आलेला. त्याने या दोघांना आपल्या कार्यक्रमांत, स्वतः गाण्याआधी, वाजवायला बोलावले. २००१ पासून त्यांच्या ध्वनिमुद्रिका येऊ लागल्या. मोठ्या कंपनीची नव्हे, रुबीवर्क्स या आयर्लंडमधल्याच स्वतंत्र संस्थेची साथ मिळाली. मार्च २००६ मध्ये त्यांच्याच नावाची ध्वनिमुद्रिका आली आणि आयर्लंडच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेली. ज्यांना तिने मागे टाकले त्यांत आर्क्टिक मंकीज हा तेव्हाचा इंग्लंडचा सर्वांत गाजलेला बँड होता आणि अमेरिकेचा जॉनी कॅश होता. शब्द एकही नाही, नुसते वादन. आणि वाजवणारे परदेशी! पुढे 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' मालिकेतील २०११ च्या चित्रपटाच्या संगीतात त्यांची गिटार वाजली, आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. म्हणजे ग्राफ्टन स्ट्रीट ते ग्रॅमी हा प्रवास वीस वर्षांचा आहे. "एका रात्रीत नशीब फळफळले" छापाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हे वीस वर्षांचे गणित लक्षात ठेवावे.

ग्राफ्टन स्ट्रीटने घडवलेले हे दोघेच नाहीत. ग्लेन हान्सार्ड हा डब्लिनचाच मुलगा, तेराव्या वर्षी शाळा सोडून त्याच रस्त्यावर गाऊ लागला. अशाच एका रस्त्यावरच्या गायकाची गोष्ट सांगणाऱ्या 'वन्स' या चित्रपटात त्याने काम केले आणि त्यातील गाण्यासाठी मार्केटा इर्ग्लोव्हासह २००८ साली ऑस्कर घेतले. रस्त्यावर गाणे ही त्या शहराने लाज मानली नाही, परंपरा मानली.

याचा अर्थ डब्लिन हे समतेचे नंदनवन आहे असा कोणी घेऊ नये. तेथेही रेषा आहेत. रॉड्रिगो आणि गॅब्रिएला डब्लिनमध्ये वाजवत होते तेव्हा आयर्लंडमध्ये भीक मागण्याविरुद्धचा १८४७ चा कायदा लागू होता. १८४७ म्हणजे आयर्लंडच्या महादुष्काळातले सर्वांत भीषण वर्ष. लोक उपासमारीने मरत होते आणि ब्रिटिश सत्तेने कायदा केला तो भूक मिटवण्याचा नव्हे, हात पसरणाऱ्याला तुरुंगात टाकण्याचा! तो कायदा तब्बल एकशे साठ वर्षे टिकला. डिसेंबर २००७ मध्ये आयर्लंडच्या उच्च न्यायालयाने डिलन खटल्यात त्यातील भिकेचे कलम घटनाबाह्य ठरवले. एक कारण असे दिले की आपली गरज दुसऱ्यापुढे मांडणे हेही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते. त्यानंतर २०११ साली तेथे नवा कायदा आला, पण तो धमकावून, अंगावर येऊन भीक मागण्यापुरता. रस्त्यावरच्या कलावंतांसाठी डब्लिनच्या नगर परिषदेने २०१५ मध्ये वेगळे नियम केले, २०१६ मध्ये ते सुधारले. परवाना घ्यावा लागतो, वेळेची मर्यादा आहे, आवाजाची मर्यादा आहे, दुकानदारांच्या तक्रारी आहेत, कलावंतांची त्यावर नाराजीही आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत तर २००३ पर्यंत वाजवणे बेकायदेशीरच होते; त्या वर्षी परवान्याची योजना आली आणि स्थानकांत वादकांसाठी ठरावीक जागा आखून दिल्या गेल्या. आणि युरोपात रस्त्यावर ॲकॉर्डियन वाजवणारा रोमा समाजाचा माणूस असेल तर त्याच्याकडे कलावंत म्हणून पाहतात की भिकारी म्हणून, हे रोमांना विचारावे. त्यांची मुळे आपल्याच उपखंडातली आहेत, आणि ते जेथे गेले तेथे बहिष्कृतच राहिले.

तरीही एक मूलभूत फरक आहे, तो सोडू नये. तिकडचे वाद "किती वेळ वाजवायचे, किती मोठ्याने वाजवायचे" याचे आहेत. वाजवणे हा मुळात गुन्हा आहे का, हा वाद त्यांनी मागे टाकला. अमेरिकेत तर २००९ साली सिॲटल शहराविरुद्धच्या बर्गर खटल्यात फुग्यांच्या आकृत्या करून दाखवणाऱ्या एका रस्त्यावरच्या कलावंताने नगरपालिकेच्या परवान्याच्या सक्तीला आव्हान दिले, आणि संघराज्याच्या अपील न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ती सक्ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवली. फुगे वळवणारा माणूस नगरपालिकेला न्यायालयात खेचतो आणि जिंकतो!

आता आपल्याकडे या. १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा काढून त्यातील भीक मागण्याची व्याख्या वाचा. सार्वजनिक जागी दान मागणे किंवा स्वीकारणे म्हणजे भीक, मग ते गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या, खेळ करून दाखवण्याच्या किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करण्याच्या बहाण्याने का असेना. 'बहाणा' हा शब्द लक्षात घ्या. गाणे हा बहाणा. नाचणे हा बहाणा. ज्यांच्या शेकडो पिढ्यांनी दोरीवर चालून, गाऊन, वाजवून पोट भरले त्यांची कला कायद्याच्या लेखी कला नाहीच, ती भिकेवर पांघरलेली चादर आहे. पोलिसाला वॉरंटविना पकडता येते. न्यायालयात संक्षिप्त चौकशी होते. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात डांबता येते, पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. इतकेच नव्हे, त्या माणसावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या माणसांनाही डांबण्याची तरतूद त्यात आहे. गुन्हा कोणता, तर ढोलकी वाजवून समोर फडके पसरले!

या व्याख्येत रॉड्रिगो आणि गॅब्रिएला बसतात की नाही, हे कोणत्याही कायद्याच्या विद्यार्थ्याने सांगावे. तंतोतंत बसतात. ते डब्लिनऐवजी दादरच्या पुलाखाली उभे राहिले असते तर व्हाईट हाऊसच्या आधी चेंबूरचे भिक्षेकरी गृह त्यांना पाहावे लागले असते. अर्थात गोरे पर्यटक समजून पोलिसाने त्यांना सोडूनही दिले असते, आणि तेथेच या कायद्याचे खरे स्वरूप उघडे पडते. हा कायदा कृती पाहत नाही, माणूस पाहतो. मोठ्या शहरात एखादा इंग्रजी बोलणारा, चांगल्या कपड्यातला तरुण समुद्रकिनारी गिटार घेऊन बसला की लोक मोबाईलवर त्याचे चित्रीकरण करतात. चार पावलांवर डोंबाऱ्याची पोर दोरीवर चढली की पोलीस काठी आपटतो. मुंबईच्या लोकलमध्ये भजनी मंडळे सकाळच्या गाडीत टाळ-मृदंगासह डबा दणाणून सोडतात, त्यांना कोणी हटकत नाही. ते पैसे घेत नाहीत हे खरे. पण त्याच डब्यात एखादा अंध गायक गाऊन नाणे घेतो तेव्हा १९८९ चा रेल्वे कायदा, कलम १४४, लगेच आठवतो.

वकिलीत असे लोक मी पाहिले आहेत. भटक्या समाजातील एका कुटुंबाचा ढोल पोलिसांनी मुद्देमाल म्हणून जमा केला होता. माणूस सुटला, ढोल महिनोन्महिने सुटेना. त्याचे पोट त्या ढोलावर. त्याने मला विचारले, "साहेब, ढोल सोडवायला वेगळा अर्ज लागतो का?" लागतो. मी तो दिला. पण ज्या वाद्यावर माणूस जगतो ते वाद्य पंचनाम्यात 'मुद्देमाल' म्हणून लिहिले जाते, या शब्दाने मला आजवर अस्वस्थ केले आहे.

१९५९ हे साल नीट ध्यानात घ्यावे. इंग्रजांनी १८७१ साली केलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या त्या कागदोपत्री मुक्त झाल्या. सात वर्षांत मुंबई राज्यात एकीकडे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, दुसरीकडे भिकेचा. जन्माने गुन्हेगार म्हणता येत नाही ना, मग धंद्याने म्हणू! हा योगायोग असेल तर मोठा सोयीचा योगायोग आहे.

८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हर्ष मंदर खटल्यात, दिल्लीला लागू केलेल्या याच मुंबईच्या कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने तेथील कायदा रद्द केला. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भीक मागणाऱ्यांना रस्त्यावरून हटवण्याचा आदेश देण्यास नकार दिला. ज्या मुंबईच्या नावाने हा कायदा दिल्लीला गेला त्या मुंबईत मात्र तो उभाच आहे. फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात!

यावर चळवळीतूनच एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील, "वकीलसाहेब, ज्या दारोदार वाजवण्यातून बाबासाहेबांनी आम्हाला बाहेर काढले, तेथेच आमची पोरे परत पाठवता काय? आमच्या बापाने गावकीची वाद्ये फेकून दिली, मेलेले ढोर ओढणे सोडले, शिळे तुकडे नाकारले. आणि आता तुम्ही गिटारची पेटी उघडून नाणी गोळा करण्याचे कौतुक सांगता!"

या आक्षेपामागे पिढ्यांचा अपमान आहे. जून १९३६ मध्ये मुंबईत देवदासी, जोगतिणी, वाघ्ये, आराधी यांच्या सभेत बाबासाहेबांनी हे लाजिरवाणे जिणे टाकून देण्याचे रोखठोक आवाहन केले होते. त्यात तडजोड नव्हती. पण बाबासाहेबांनी काय टाकायला सांगितले, हे वकिलाच्या काटेकोरपणे पाहिले पाहिजे. त्यांनी देवाच्या नावाने माणसाला बांधणारी प्रथा टाकायला सांगितली. जातीने लादलेले काम टाकायला सांगितले. गाणे टाकायला सांगितले नाही. तसे असते तर भीमराव कर्डकांचे जलसे उभेच राहिले नसते. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातील देशवंडीतून निघून आयुष्यभर गावोगाव, वस्त्या-वस्त्यांत गात फिरले. त्यांना बहुतेक वेळा व्यासपीठ म्हणून मिळाला तो चावडीसमोरचा कट्टा नाही तर रस्त्यातला चौक. त्यांच्या झोळीत लोकांनी जे टाकले ती भीक होती असे म्हणण्याची हिंमत कोण करील?

मग फरक कशात आहे? गावच्या लग्नात मांग समाजाच्या माणसाने हलगी वाजवायचीच, नाही म्हणायचे नाही, आणि मंडपाबाहेर बसून उरलेले अन्न घ्यायचे, ही गुलामी आहे. येथे वाद्य माणसाचे नाही, माणूस वाद्याचा आहे. ग्राफ्टन स्ट्रीटवरची गॅब्रिएला उद्या गिटार ठेवून देऊ शकत होती. तिच्या मुलीने गिटारच वाजवली पाहिजे असा कोणाचा हुकूम नव्हता. काय वाजवायचे ते ती ठरवत होती, आणि ऐकणारा थांबायला किंवा निघून जायला मोकळा होता. नाणे टाकणारा तिचा धनी नव्हता. नकार देण्याचा हक्क ज्याला आहे त्याचे वादन कला असते. ज्याला तो हक्क नाही त्याची वेठबिगारी. आपल्या समाजाने वाद्ये फेकली ती योग्यच फेकली. नकाराचा हक्क मिळवण्यासाठी ती फेकावीच लागली. आता तो हक्क घटनेने दिला असताना एखाद्या तरुणाला स्वतःच्या मर्जीने हलगी उचलावीशी वाटली, तर त्याला अडवणारे आपण कोण? चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी फुटपाथवर पुस्तके विकली जातात, गाणी विकली जातात, गायक जागेवर गातात. आपल्या चळवळीचे अर्धे संगीत फुटपाथवरूनच घरोघर गेले आहे.

परदेशी जाण्याचे म्हणाल तर तेथेही डोळे उघडे ठेवावेत. मेक्सिकोच्या नागरिकाला आयर्लंडमध्ये जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही, भारतीयाला लागतो. त्यासाठी बँकेतली शिल्लक दाखवावी लागते, परत येण्याची हमी द्यावी लागते, आणि पर्यटक म्हणून गेलेल्याने तेथे कमाई करणे नियमात बसत नाही. म्हणजे "गिटार उचला आणि युरोप गाठा" हा उपदेश आपल्या वस्तीतल्या पोराला देणे फसवणूक आहे. पोरांनी ग्राफ्टन स्ट्रीटला जावे असे माझे म्हणणे नाही. ग्राफ्टन स्ट्रीटवर जे चालते ते नागपूरच्या सीताबर्डीत, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर का चालू नये, हे माझे म्हणणे आहे.

या दोघांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगितलीच पाहिजे. ज्या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांना ग्रॅमी मिळाला तिचे नाव आहे 'मेत्ताव्होल्युशन'. मेत्ता म्हणजे आपली पाली भाषेतील मेत्ता, करणीय मेत्त सुत्तातली मैत्रीभावना. बुद्धविचारांच्या वाचनातून हे नाव आल्याचे त्यांनी सांगितले आहे. डब्लिनच्या फुटपाथवरून निघालेल्या दोन मेक्सिकन वादकांनी तथागतांचा शब्द पाश्चात्त्य संगीताच्या सर्वांत मोठ्या पुरस्कारापर्यंत नेला आणि आपल्या वृत्तपत्रांत, विहारांत त्याची चर्चा झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्याआधी २०१४ च्या ध्वनिमुद्रिकेतील एक रचना त्यांनी हॅरिएट टबमन यांना अर्पण केली होती. गुलामीतून स्वतः निसटून पुन्हा पुन्हा परत जाऊन इतरांना सोडवून आणणारी ती कृष्णवर्णीय माउली. अशी आठवण ठेवणारे वादक आपले दूरचे नातेवाईकच म्हणायचे.

पण सगळेच गोड नाही. २००९ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेतील रचनांची नावे पाहा: हनुमान, सावित्री, आत्मन्, त्रिवेणी. आणि मेत्ताच्या नंतर २०२३ मध्ये जी आली तिची प्रेरणा अद्वैत! त्यांचा मार्ग त्यांना लखलाभ. दोष त्यांना देत नाही. मेक्सिकोतल्या किंवा युरोपातल्या जिज्ञासू माणसाला भारत शोधायचा असतो तेव्हा त्याच्या हाती पडतो तो वैदिक-ब्राह्मणी भारत, कारण त्याचे दुकान शंभर वर्षांपासून तेथे थाटलेले आहे, पुस्तके आहेत, गुरू आहेत, आश्रम आहेत. बुद्ध हाती पडला तरी तो अनात्म सांगणारा बुद्ध की अद्वैताच्या वळचणीला नेऊन बसवलेला बुद्ध, हे सांगायला तेथे आपले कोणी नसते. आत्मा आणि अनात्म ही दोन टोके एकाच वादकाच्या कपाटात शेजारी शेजारी बसतात ती अशी. आपले संगीत, आपला जलसा, आपली हलगी त्या रस्त्यांवर कधी वाजलीच नाही, मग त्यांच्या कानावर दुसरे काय पडणार?

म्हणून मागणी नेमकी करू या. पहिली मागणी, महाराष्ट्र शासनाने १९५९ च्या कायद्यातील व्याख्येतून गाणे, नाचणे, खेळ करणे हे शब्द काढून टाकावेत. संपूर्ण कायदाच जावा हे माझे मत आहेच, पण त्याची वाट पाहत या शब्दांना हात न लावणे परवडणारे नाही. दुसरी गोष्ट तर शासनाकडे मागण्याचीही गरज नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात पथविक्रेता म्हणजे केवळ भाजी आणि कपडे विकणारा नव्हे. रस्त्यावर लोकांना सेवा देणाराही त्या व्याख्येत येतो. वादन ही सेवा आहे. एखाद्या शहरातील पाच-पंचवीस शाहीर, हलगीवादक, डोंबारी कलावंत यांनी एकत्र येऊन शहर पथविक्रेता समितीकडे कलावंत म्हणून नोंदणीचे अर्ज द्यावेत. समिती बहुधा नाकारील. नाकारले तर लेखी नकार घ्यावा, तोंडी नकारावर परत येऊ नये. तो कागद हातात आला की घटनेचे कलम १९, पोटकलम एक, अ आणि ग, म्हणजे अभिव्यक्तीचा आणि व्यवसायाचा हक्क, यावर उच्च न्यायालयात रिट दाखल करता येते, आणि सोबत दिल्लीचा २०१८ चा निकाल जोडता येतो. भिकेच्या कायद्याखाली ज्या वकील मित्रांकडे कलावंतांचे खटले आहेत त्यांनी संक्षिप्त चौकशीत पहिल्याच तारखेला हा मुद्दा लेखी घ्यावा, आणि त्याच दिवशी जप्त केलेले वाद्य परत मिळण्याचा अर्जही द्यावा. तो नंतर देऊ म्हटले की महिने जातात.